आटोपशीर युद्ध करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

युद्धे फार लांबतात, खर्च हाताबाहेर जातो आणि शेवटी नक्की कशासाठी लढलो हे दोन्ही पक्षांना आठवेनासे होते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरी असली तरी तिच्यामुळे आपण निराश होण्याचे कारण नाही. आपल्या मनात एखादे छोटेखानी युद्ध करण्याचे घाटत असेल आणि हाताशी वेळ बेताचाच असेल, तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर २७ ऑगस्ट १८९६ रोजी झालेल्या ब्रिटिश-झांझिबार युद्धाचा आपण बारकाईने अभ्यास करावा. गुरुवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी सुरू झालेले हे युद्ध नऊ वाजून चाळीस मिनिटांनी संपले. कोणी ते चाळीस मिनिटे चालले असे म्हणतात, कोणी पंचेचाळीसपर्यंत ताणतात. परंतु सर्वांत अधिक मान्यता अडतीस मिनिटांना आहे आणि इतिहासातले सर्वांत लहान युद्ध म्हणून त्याचीच नोंद केली जाते.

मात्र एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. अडतीस मिनिटांचे युद्ध घाईघाईने उरकता येत नाही. त्याची तयारी सदतीस वर्षे आधीपासून करावी लागते, आणि ती करताना आपण युद्धाची तयारी करीत आहोत असे कोणालाही, शक्य झाल्यास स्वतःलासुद्धा, वाटू द्यायचे नसते.

राज्य निवडताना ते लहान पण खाऊनपिऊन सुखी असे निवडावे. झांझिबारमध्ये लवंगा पिकत होत्या, हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापार तिथून चालत होता आणि जकातीचा मक्ता कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने मस्कतहून आपला दरबारच तिकडे हलवला, यावरून त्या बेटाची बरकत लक्षात यावी. हा सुलतान १८५६ साली वारला आणि त्याच्या मुलांत वारशाचा तंटा सुरू झाला. भाऊबंदकीने काय साधते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. धाकट्या बरगशने १८५९ साली थोरल्या माजिदविरुद्ध बंड केले, ते इंग्रजांच्या मदतीने मोडण्यात आले आणि बरगशची रवानगी मुंबईला झाली. त्या वेळी झांझिबारमध्ये इंग्रजांचे वकील, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, असलेले रिग्बी हे मुंबईच्याच फौजेतले अधिकारी होते, त्यामुळे हद्दपारीचे ठिकाण शोधण्यात फारसा वेळ गेला नसावा. बरगशने मुंबईत दोन वर्षे काढली. तेवढ्यात माजिद आणि ओमानच्या गादीवरचा भाऊ थुवैनी पुन्हा एकमेकांवर धावून जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी १८६१ साली ओमान आणि झांझिबार ही दोन वेगळी राज्ये ठरवून दिली आणि झांझिबारने ओमानला दरसाल चाळीस हजार क्राउन द्यावेत असा निवाडा केला. दोन भावांचे भांडण तिसऱ्याने मिटवले की दोघेही त्याचे ऋणी राहतात, आणि ऋण कधी वसूल करायचे हे ऋणकोने ठरवायचे नसते.

बरगश पुढे १८७० साली स्वतः गादीवर बसला. तीनच वर्षांनी त्याच्याकडे सर बार्टल फ्रियर यांना पाठवण्यात आले. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडणारे गव्हर्नर ते हेच. गुलामांचा बाजार बंद करा, हे त्यांचे मागणे योग्यच होते. सुलतानाने ते मान्य केले नाही, तेव्हा आरमार आणून बेटाची नाकेबंदी करण्याची धमकी देण्यात आली आणि त्याने सही केली. इथे आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की तत्त्व कितीही उदात्त असले तरी त्याच्यामागे दोन जहाजे उभी करावीत. जहाजांच्या भीतीने एकदा सही केलेला माणूस पुढच्या सहीच्या वेळी फार खळखळ करीत नाही.

यानंतरचे काम कागदावरचे आहे आणि त्यात आळस करू नये. जुलै १८९० मध्ये इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात करार झाला. जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला आणि इतर गोष्टींबरोबर उत्तर समुद्रातले हेलिगोलँड हे दोन चौरस किलोमीटरही न भरणारे बेट पदरात पाडून घेतले. झांझिबारच्या लोकांना या देवघेवीत काही विचारल्याचे दिसत नाही, आणि हेलिगोलँडच्या रहिवाशांना तरी कोणी विचारले होते! अशा रीतीने आपल्या भावी युद्धात शत्रूच्या बाजूने येऊ शकणारा एकमेव बलवान मित्र सहा वर्षे आधीच बाजूला काढून ठेवता येतो. त्याच वर्षी झांझिबार इंग्रजांचे संरक्षित राज्य झाले आणि सुलतानाशी झालेल्या करारात एक लहानसे कलम घालण्यात आले, की पुढचा सुलतान इंग्रज वकिलाच्या संमतीवाचून गादीवर बसू शकणार नाही. अशा कलमाचा नमुना शोधायला लंडनच्या कारकुनांना दूर जावे लागले नसेल; साताऱ्याची गादी १८४८ साली दत्तक नामंजूर करून खालसा झाली, तेव्हापासून हा मजकूर त्यांच्या हातात बसलेला होता. आपणही आपल्या करारांत असे एखादे कलम बारीक अक्षरांत ठेवून द्यावे. ते वाचले जाण्याची गरज नसते. वेळ आली म्हणजे ते वाचून दाखवता येते, एवढे पुरे.

मग नोकरभरतीकडे वळावे. शाही आरमारातले लेफ्टनंट लॉइड मॅथ्यूज यांना १८७७ साली सुलतानाच्या सैन्याला युरोपीय पद्धतीची कवायत शिकवण्यासाठी पाठवले गेले. ते तिथेच रमले, बढती घेत गेले आणि १८९१ साली झांझिबारचे पहिले मंत्री झाले. म्हणजे युद्धाला तोंड फुटले तेव्हा झांझिबारचा पहिला मंत्री इंग्रजांच्या बाजूला उभा होता आणि त्याने तयार केलेल्या सैन्यापैकी नऊशे झांझिबारी शिपाई आर्थर राइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाखाली झांझिबारच्याच राजवाड्याकडे बंदुका रोखून होते. शत्रूच्या मंत्रिमंडळात फितुरी माजवण्यात पूर्वीचे राज्यकर्ते किती पैसा आणि किती रात्री खर्च करीत, याचा विचार केल्यास शत्रूचे मंत्रिमंडळ आपणच नेमणे किती काटकसरीचे आहे हे ध्यानात येईल. पगारही त्याच्याच तिजोरीतून निघतो.

एवढी सिद्धता झाली की काही करू नये. फक्त कोणीतरी मरण्याची वाट पाहावी.

सुलतान हमद बिन थुवैनी २५ ऑगस्ट १८९६ रोजी दुपारी बाराच्या सुमारास अचानक वारला. त्याला चुलतभाऊ खालिद याने विष घातले असा संशय बोलला गेला, तो कधी सिद्ध झाला नाही, आणि युद्धासाठी तो सिद्ध होण्याची आवश्यकताही नव्हती. खालिद हा मुंबईत राहून आलेल्या त्या बरगशचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे १८९३ साली, त्याने गादीसाठी असाच प्रयत्न केला होता आणि त्या वेळचे इंग्रज वकील रेनेल रॉड यांनी समजूत घातल्यावर तो निमूट मागे फिरला होता. या खेपेस त्याने मागे फिरायचे नाही असे ठरवले. आपला प्रतिस्पर्धी निवडताना हा गुण जरूर पाहावा. एकदा ऐकून घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ऐकणे अपमानाचे वाटते आणि दुसऱ्यांदा सांगणाऱ्याला तर समजूत घालण्याचा कंटाळाच आलेला असतो.

खालिदने त्याच दुपारी चुलतभावाचे दफन उरकले, तोफांची सलामी देऊन आपण सुलतान झाल्याचे जाहीर केले आणि राजवाड्यावर लाल निशाण चढवले. राजवाड्यात सुमारे अठ्ठावीसशे माणसे जमली. त्यांत राजवाड्याचे पहारेकरी होते, शेकडो नोकर आणि गुलाम होते, आणि बहुसंख्य तर शहरातली साधी माणसे होती. शस्त्रांत काही मशीनगन, एक सतराव्या शतकातली ब्राँझची तोफ आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म याने पूर्वी भेट दिलेल्या दोन मैदानी तोफा होत्या. शत्रूपाशी थोडीबहुत शस्त्रे असणे चांगले, कारण ती अजिबात नसतील तर आपण जे करणार आहोत त्याला युद्ध म्हणणे अवघड जाते. मात्र त्या शस्त्रांची तोंडे समुद्राकडे असावीत आणि राजवाडा पाण्याच्या काठावर, बव्हंशी लाकडाचा आणि मागे सरकायला जागा नसलेला असावा. झांझिबारच्या सुलतानांनी हे सारे आपण होऊन करून ठेवले होते. बंदरात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या डोळ्यांत वैभव भरावे म्हणून बांधलेले वाडे तोफेच्या दुर्बिणीतही तसेच ठळक भरतात.

त्या वेळी कारभार पाहत असलेले इंग्रज वकील बेझिल केव्ह यांनी लंडनला तार केली, की सामोपचाराचे सर्व उपाय थकले तर युद्धनौकांवरून राजवाड्यावर गोळे टाकण्याची परवानगी आहे काय. पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री अशी दोन्ही पदे सांभाळणारे लॉर्ड सॉल्झबरी यांचे उत्तर प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याने पाठ करावे असे आहे. आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत, सरकार आपल्या पाठीशी राहील. मात्र यशस्वीपणे तडीस नेता येईल याची खात्री नाही असे काही करायला जाऊ नये, असे त्यांनी कळवले. यश आले तर ते पंतप्रधानांच्या परवानगीने आले आणि अपयश आले तर त्यांनी आधीच बजावले होते, अशी दोन्ही दारे बंद करणारी वाक्यरचना सरकारी पत्रव्यवहारात आजही होते, पण ती साम्राज्याच्या खर्चाने आणि इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच होते.

पहिल्या दिवशी बंदरात ‘फिलोमेल’ आणि ‘थ्रश’ या दोन युद्धनौका होत्या; ‘स्पॅरो’ आली, दुसऱ्या दिवशी ‘रकून’ आली आणि पाठोपाठ रिअर ॲडमिरल हॅरी रॉसन यांची सात हजार टनांहून मोठी ‘सेंट जॉर्ज’ येऊन ठाकली. व्यापारी जहाजांना बंदर सोडण्यास सांगण्यात आले, इंग्रज बायकामुलांना सुरक्षित जागी हलवण्यात आले आणि खालिदला निर्वाणीचा खलिता धाडण्यात आला: उद्या सकाळी नऊ वाजेपर्यंत निशाण उतरवून राजवाडा रिकामा करा. त्या रात्रीच्या शांततेबद्दल अमेरिकी वकील डॉर्सी मोहन यांनी लिहून ठेवले आहे, की एरवी शहरात नगारे वाजत आणि तान्ही मुले रडत, त्या रात्री मात्र कसलाही आवाज नव्हता. खलिता खालिदच्या नावाने असला तरी शहरातल्या प्रत्येक घरात तो पोहोचला होता.

सकाळी आठ वाजता खालिदचा माणूस बोलणी करण्यास आला. आधी अटी मान्य करा, मग बोलू, असे त्याला सांगण्यात आले. अटी मान्य झाल्यावर बोलण्यासारखे काय उरते, असा बालिश प्रश्न आपण विचारू नये. साडेआठला खालिदचा निरोप आला: निशाण उतरवण्याचा आमचा विचार नाही आणि तुम्ही आमच्यावर गोळे टाकाल असे आम्हांला वाटत नाही. केव्ह यांनी उत्तर पाठवले, की गोळे टाकण्याची आमची इच्छा नाही, परंतु सांगितले तसे केले नाहीत तर आम्ही नक्कीच टाकू. ही भाषा आपण ओळखली असेल. शाळेत छडी हातात घेतलेले गुरुजी याच सुरात बोलत आणि मारण्याची इच्छा त्यांनाही कधी नसे. खालिदच्या बाजूने विचार केला तर त्याचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. त्याच्या बापाला धमक्या मिळाल्या होत्या, त्याला स्वतःला १८९३ साली मिळाली होती, आणि प्रत्येक वेळी गोळा न सुटताच प्रकरण मिटले होते. फक्त हे सारे प्रसंग बापाने किंवा त्याने माघार घेतल्यामुळे मिटले, ही बाब त्याच्या हिशेबातून सुटली.

नऊ वाजता हुकूम सुटला आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी ‘रकून’, ‘थ्रश’ आणि ‘स्पॅरो’ यांनी एकदम मारा सुरू केला. ‘थ्रश’च्या पहिल्याच गोळ्याने कैसरच्या भेटीपैकी एक तोफ उडवली. राजवाड्याचे लाकूड पेटले, वरचे मजले खालच्यांवर कोसळू लागले, आणि आतल्या माणसांपैकी ज्यांना बंदूक धरता येत होती त्यांनाही ती कोणावर रोखायची हे धुरात दिसेना. सुलतानाच्या आरमारात एकच जहाज होते, त्याचे नाव ‘ग्लासगो’. पूर्वीचे आरमार १८७२ च्या वादळात नष्ट झाल्यावर बरगशने इंग्रज फ्रिगेटचा नमुना पाहून हे शाही जहाज स्कॉटलंडमध्ये बांधून घेतले होते. या हौसेच्या जहाजाने नऊ वाजून पाच मिनिटांनी आपल्या लहान तोफांनी ‘सेंट जॉर्ज’वर मारा केला. त्या सबंध सकाळी सर्वांत विसंगत आणि, मला तरी वाटते, सर्वांत सरळ असे वर्तन याच जहाजाचे होते. ते बुडवण्यात आले, त्याच्या खलाशांनी शरणागतीसाठी इंग्रजांचेच निशाण वर चढवले आणि इंग्रज होड्यांनी त्यांना वाचवले. बंदर उथळ असल्याने ‘ग्लासगो’च्या डोलकाठ्या पाण्याबाहेर राहिल्या त्या १९१२ सालापर्यंत तशाच होत्या. जिंकलेल्या बंदरातला राडारोडा सोळा वर्षे न उचलण्याची मुभा जेत्याला असते.

नऊ चाळीसला राजवाड्यावरचे निशाण गोळ्याने तुटून पडले आणि मारा थांबला. सुमारे पाचशे तोफगोळे, मशीनगनच्या ४,१०० आणि रायफलींच्या हजार गोळ्या इतकी सामग्री खर्ची पडली. राजवाड्यातली पाचशेच्या आसपास माणसे ठार किंवा जखमी झाली. इंग्रजांकडील ‘थ्रश’वरचा एक कनिष्ठ अधिकारी जबर जखमी झाला आणि नंतर बरा झाला. आपण युद्धाचा अहवाल लिहाल तेव्हा या जखमी अधिकाऱ्याचा उल्लेख न विसरता करावा. दोन्ही बाजूंनी हानी झाली असे त्यामुळे लिहिता येते. दुसऱ्या बाजूची नावे लिहीत बसण्याचे कारण नाही, कारण त्यांतले किती नोकर, किती गुलाम आणि किती सकाळी उत्सुकतेने आत शिरलेले होते हे ठरवण्यात अडतीस मिनिटांहून अधिक वेळ जाईल.

युद्ध संपले की कारभार दुपारपर्यंत सुरू झाला पाहिजे. आधीच ठरवून ठेवलेल्या हमूद बिन मुहम्मद यांना त्याच दिवशी दुपारी सुलतान करण्यात आले. मधल्या वेळात शहरात लूटमार झाली. तिचा तडाखा हिंदी व्यापाऱ्यांच्या वस्तीला बसला आणि गोंधळात वीसेक माणसे मेली. तेव्हा मोंबासाहून दीडशे शीख शिपाई आणून रस्त्यांवर पहारा बसवला गेला. हिंदी दुकानांचे रक्षण हिंदी शिपायांनी केले आणि बंदोबस्ताचे श्रेय योग्य त्या ठिकाणी जमा झाले. दुसऱ्याच वर्षी नव्या सुलतानाने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. युद्धाला एक उदात्त फलनिष्पत्ती असावी लागते आणि ती इथे निर्विवाद आहे. मुक्त होण्यासाठी गुलामाने स्वतः कचेरीत अर्ज घेऊन जायचे होते, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत १७,२९३ जणच मुक्त झाले. गोळे टाकण्यासाठी मिनिटे मोजणारे सरकार अर्ज तपासताना मात्र घाई करीत नाही, हे आपण समजून घ्यावे.

आता खर्चाकडे येऊ, कारण बहुतेक युद्धे इथेच फसतात. खालिदच्या समर्थकांकडून भरपाई वसूल करण्यात आली. तीत लुटीच्या नुकसानीचे तीन लाख रुपये होते आणि त्याशिवाय राजवाड्यावर टाकलेल्या गोळ्यांची किंमतही होती. रुपये म्हणजे आपलेच रुपये, कारण झांझिबारच्या बाजारात हिंदुस्थानी नाणे चालत असे. मार खाणाऱ्याने काठीचे पैसे द्यावेत ही पद्धत न्यायशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही, तरी जमाखर्चाच्या वहीत ती फार शोभून दिसते, आणि भरपाईचा आकडा आधीच ठरलेला असल्यास युद्धखात्याला खर्चाची मंजुरी मागण्याचीही अडचण उरत नाही. मानपान तर पराभूताच्या गादीकडूनच होतात. नव्या सुलतानाने रॉसन आणि राइक्स यांना झांझिबारचे तारांकित पदक बहाल केले, आणि रॉसन पुढच्या फेब्रुवारीत पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या मोहिमेवर निघाले. तिथले काम अडतीस मिनिटांत आटोपले नाही, पण तिथून आणलेल्या पितळी मूर्तींमुळे त्याची आठवण लंडनच्या संग्रहालयात अधिक काळ राहिली.

एका बाबतीत मात्र या आदर्श युद्धात ढिलाई झाली, म्हणून आपणांस सावध करणे भाग आहे. खालिद सुमारे चाळीस साथीदारांसह जर्मन वकिलातीत जाऊन बसला. मारा सुरू होताच तो पळाला की शेवटी, यावर एकवाक्यता नाही. इंग्रजांनी दाराशी दहा शिपायांचा पहारा बसवला आणि तो बाहेर पडताच पकडायचे ठरवले. जर्मन वकिलाने राजकीय कैद्याला करारानुसार सोपवता येत नाही असे सांगितले, आणि २ ऑक्टोबरला मोठ्या भरतीचे पाणी वकिलातीच्या बागेच्या दारापर्यंत चढले तेव्हा जर्मन युद्धनौकेची होडी त्या दारालाच लावली गेली. खालिद वकिलातीच्या आवारातून थेट होडीत उतरला आणि झांझिबारच्या मातीला पाय न लावता दार-ए-सलामला पोहोचला. पहारा रस्त्याकडच्या दारावर होता. पाचशे गोळ्यांच्या नियोजनात भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोणी पाहिले नव्हते, हे त्या बेटावर पाच युद्धनौका घेऊन आलेल्या आरमाराला थोडे न शोभणारे झाले.

पुढे पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत १९१६ साली इंग्रजांनी त्याला पकडले, सेशेल्स आणि सेंट हेलेना इथे हद्दपार ठेवले, मग आफ्रिकेत परतू दिले, आणि १९२७ साली तो मोंबासात वारला. आपण युद्धाचा कालावधी नोंदवाल तेव्हा ही मधली वीस वर्षे धरू नयेत. ती महायुद्धाच्या खात्यावर टाकावीत; तिथे जागा भरपूर आहे.